गोल खिडकीमागची खोली

“पुढच्या दारानं ये गं,” मंदाताई गच्चीवरून म्हणाल्या; पण तोवर माझे पाय बंगल्याला वळसा घालून मागच्या दाराशी पोचलेसुद्धा होते.

तिथं उभी राहिल्यावर मला माझाच राग आला. सोलापूरच्या एका हायस्कुलात मराठी शिकवणारी बाई मी, पस्तिशी ओलांडलेली, अंगावर इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. मला लांबून येताना पाहिलं तरी पोरं वर्गात पळायची. पाय मात्र अजून माळ्याच्या पोरीचेच. मागची पायरी होती तशीच होती. पायरीशेजारच्या खिडकीच्या कट्ट्यावर पूर्वी एक पितळी पेला पालथा घातलेला असे. तो आमचा पेला. पाणी मागितलं की आतून कोणीतरी येऊन वरून ओतायचं, आणि पिऊन झाल्यावर आम्हीच तो विसळून पुन्हा पालथा घालायचो. आता तिथं कसल्याशा काढ्याची रिकामी बाटली होती.

दार आतून उघडलं. मंदाताई जिना उतरून आल्यामुळे धापा टाकत होत्या. केस पांढरे, अंगात सुती गाऊन, आणि नाक मात्र वडिलांचं, डॉक्टरांचं, जसंच्या तसं.

“इकडून का आलीस? पुढचं दार सकाळपासून सताड उघडं ठेवलंय.”

“सवय,” मी म्हणाले.

“मग परत जा आणि पुढून ये.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांनी खरोखरच दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली. मी मुकाट्यानं पुन्हा बंगल्याला वळसा घातला.

बार्शीत डॉक्टर हुपरीकरांच्या या बंगल्यासारखा दुसरा बंगला नव्हता. मुंबईहून कोणी आर्किटेक्ट आणून बांधून घेतला होता म्हणे. कोपरे गोलाकार, गच्चीला आगबोटीसारखा लोखंडी कठडा, आणि पोर्चच्या वर बरोबर मध्यभागी एक मोठी गोल खिडकी, निळ्या काचेची. बाजाराच्या दिवशी खेड्यातली माणसं बैलगाड्या थांबवून ती खिडकी बघायची. माझे बाबा या बंगल्याचे माळी. फाटकाला लागून आमची एकच खोली होती. तीत आई, बाबा, मी आणि धाकटा दत्तू. आम्हा पोरांना बंगल्यात जायला मनाई होती, पण बघायला मनाई नव्हती. म्हणून मी बघायची.

दिवेलागणीला त्या खिडकीमागं दिवा लागायचा आणि सगळं वर्तुळ निळं व्हायचं. त्यात एक डोकं दिसायचं. ते मंदाताईंचं, म्हणजे तेव्हाच्या छोट्या ताईसाहेबांचं. माझ्याहून त्या सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. ते डोकं तासन्‌तास तिथंच असायचं. मी ठरवूनच टाकलं, की ती त्यांची खोली. खोलीत झोपाळा आहे. झोपाळ्यावर ताईसाहेबांची आई बसलीय आणि ताईसाहेब तिच्या मांडीशी टेकून बसल्यात. आई त्यांना पुस्तक वाचून दाखवते आणि वाचता वाचता त्यांच्या केसांतून हात फिरवते. निळा उजेड फरशीवर सांडलाय, आणि ताईसाहेब त्यात पाय बुडवून बसतात. भिंतीभर पुस्तकं आहेत. त्या खोलीत कोणी कोणाला हाक मारून कामाला लावत नाही.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी पाहिलेलंही नव्हतं. पण आजही मला झोपेतून उठवून विचारा, त्या झोपाळ्याची कुठली कडी करकरते ते मी सांगेन.

पुढं बंगला सुटला. मामाकडचं कोठीघर, बोर्डिंगातली खाट, मग नोकरी लागल्यावर सोलापुरातल्या भाड्याच्या एकेक खोल्या. लग्न झालं नाही. ते का झालं नाही ही वेगळी गोष्ट आहे, आणि लिहिण्याजोगी नाही. आई गेली, दत्तू नागपूरकडे नोकरीला लागला आणि संसारात बुडाला. पण कुठल्याही घरमालकाच्या कुठल्याही खोलीत दिवा मालवला की मी त्या निळ्या खोलीत जायची. माझ्या मालकीची अशी जगात तेवढी एकच खोली होती. तिच्यावर मी एक कथा लिहिली. ती एका दिवाळी अंकात आली आणि लोकांना आवडलीही. मग पुण्याचे प्रकाशक नाडगौडा माझा कथासंग्रह काढायला तयार झाले, आणि तिथंच माशी शिंकली.

“शकुंतलाबाई,” ते मला म्हणाले होते, “बाकीच्या कथा म्हणजे अस्सल नाणं आहेत. आईची कथा, वडिलांची कथा, बोर्डिंगची. तुम्ही भोगलंय ते सगळं. ही एक मात्र खटकते. माळ्याची मुलगी बंगल्यातल्या खोलीचं वर्णन करते, तिला काय ठाऊक? तुम्ही गेला होतात का कधी त्या खोलीत?”

“नाही.”

“मग? अनुभव नसला की कागदी वाटतं.”

“भुताच्या गोष्टी लिहिणाऱ्याला कोणी विचारतं का हो, भूत कधी भेटलं म्हणून?”

ते मनापासून हसले. “त्यांचं वेगळं, तुमचं वेगळं. तुमच्याकडून वाचक खरं मागतो. एक तर ती कथा काढा, नाहीतर एकदा जाऊन खोली नीट बघून या आणि दुरुस्त करा.”

त्यांचं वेगळं, तुमचं वेगळं, हे मला नवीन नव्हतं. मी चहा संपवला, कप बशीत ठेवला आणि जाऊन बघून येते म्हणाले. एवढ्यासाठीच मी मंदाताईंना दोन ओळी लिहून परवानगी मागितली आणि एका रविवारी दुपारच्या एस.टी.नं बार्शीला आले. सगळ्या वाटेत एकच विचार होता. खोली माझ्या वर्णनासारखी नसली तर? नाडगौडांचं काही नाही, ते दोन वाक्यं बदलून घेतील. पण मी रात्री दिवा मालवल्यावर जाणार कुठं?

पुढच्या दाराशी मंदाताई उभ्याच होत्या. जसं काही पहिल्यांदाच बघतायत अशा म्हणाल्या, “या शकुंतलाबाई. या, आत या.”

मी चप्पल काढली आणि आत गेले. दिवाणखान्यात लाल-काळ्या नक्षीच्या फरश्या होत्या आणि खुर्च्यांवर चादरी घातलेल्या होत्या. डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यांच्यामागून मंदाताईंची आईही गेली होती. एवढ्या मोठ्या घरात मंदाताई एकट्या. बोलताना त्या मध्येच थांबून ऐकत राहायच्या, कोणीतरी मध्ये बोलेल म्हणून; कोणी बोलायचं नाही, मग त्याच पुढं चालू करायच्या. ही सवय मी लगेच ओळखली, कारण ती मलाही आहे.

त्यांनी पाणी आणलं, काचेच्या ग्लासात, खाली बशी धरून. मी ग्लास तोंडाला लावला, सगळं पाणी प्यायले आणि ग्लास बशीत ठेवला. उष्टा ग्लास त्यांनी उचलून आत नेला.

“कथा वाचली हो तुझी,” परत येऊन त्या म्हणाल्या. “वाचनालयात अंक आला होता. गोल खिडकी आणि निळी काच वाचल्यावर मी उडालेच. म्हटलं, ही आपली शकू. ढावऱ्यांची शकू.”

“तुम्हाला राग नाही ना आला?”

“राग कसला? मी घरभर हिंडले. दोन मजले, माळा, सगळं धुंडाळलं. म्हटलं, एखादी खोली आईबाबांनी मला दाखवलीच नाही की काय!” त्या हसल्या. मला हसू आलं नाही. “चल, बघायला आलीस ना? मग आधी तेच बघू.”

आम्ही जिना चढायला लागलो. लाकडी कठड्यावर धूळ होती आणि मध्ये फक्त एका हाताच्या रुंदीएवढा भाग चकचकीत. अर्धा जिना चढल्यावर तो वळला. वळणावर एक छोटा चौकोनी टप्पा होता, दोन माणसं जेमतेम बसतील एवढा. मी पुढं पाऊल टाकणार, तेवढ्यात माझ्या पायांवर निळा उजेड पडला.

मी थांबले. भिंतीत ती गोल खिडकी होती. बाहेरून केवढी वाटायची. आतून मात्र माझ्या दोन हातांच्या कवेत मावली असती.

“खोली कुठंय?” मी विचारलं.

“हीच.”

“म्हणजे?”

“हीच गं. जिन्याचं वळण. हिच्यामागं खोली नाही. कधीच नव्हती.” मंदाताई पायरीवर बसल्या. “बाबांनी आर्किटेक्टला सांगितलं होतं, रस्त्यावरून घर उठून दिसलं पाहिजे. त्यानं ही ठेवली. उघडायचीसुद्धा सोय नाही हिला. लोकांनी बाहेरून बघावं, एवढंच हिचं काम.”

मी भिंतीला हात लावला. खरोखर भिंतच होती, पलीकडे काही नव्हतं. झोपाळा कुठं टांगणार इथं? पुस्तकं कुठं मावणार? मला एकदम रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. एखादं माणूस गेल्यासारखं वाटत होतं. पण माणूस गेलं तर लोक भेटायला तरी येतात. नसलेल्या खोलीसाठी कोण येणार?

मंदाताईंनी मला रडू दिलं. मग पायरीवर जरा सरकून त्यांनी शेजारी जागा केली आणि मी तिथं बसले.

“पण तुम्ही इथं दिसायच्यात,” मी नाक पुसत म्हणाले. “रोज संध्याकाळी दिसायच्यात. इथं काय करत होतात मग?”

“बसायची. वर आईची अर्धशिशी. दारं-खिडक्या लावून अंधारात पडलेली असायची, पाऊल वाजलं तरी कण्हायची. खाली बाबांचे पेशंट, तिथं तोंड उघडायचं नाही. मधल्या या टप्प्यावर कोणाचाच हक्क नव्हता. म्हणून ही माझी.”

“आई वाचून दाखवायची नाही?”

“आई?” त्या माझ्याकडं बघत राहिल्या. “तुझ्या कथेतली आई वाचली ना, तेव्हा मला तुझा हेवा वाटला शकू. असली आई तुला सुचली तरी. मला कधी सुचलीसुद्धा नाही.”

त्यांनी खिडकीच्या खालच्या कडेला बोट लावलं. तिथं काचेचा एक टवका उडालेला होता, रुपयाएवढा, आणि त्यातून बाहेरची साधी, पांढरी हवा दिसत होती.

“हा टवका मीच उडवला. बाबांच्या अडकित्त्यानं. त्यांनी विचारलं तेव्हा चिमणी येऊन आपटली म्हणाले. दुसरी काच आणवायची राहिली ती राहिलीच.”

“कशाला उडवलात?”

“तुमचा आवाज यावा म्हणून.”

मी वाकून त्या भोकाला डोळा लावला. फाटक दिसलं, आणि फाटकाजवळ आमच्या खोलीचा चौथरा. भिंती पडल्या होत्या, मध्ये एरंड माजला होता. चूल होती तो कोपरा मात्र मला लगेच सापडला.

“संध्याकाळी तुझ्या आईची भाकरी थापल्याचा आवाज यायचा,” मंदाताई म्हणाल्या. “थप थप थप. कशी तालात थापायची गं! मग धूर वर यायचा. आणि मग तुम्ही सगळे हसायचात. इतकं हसायचात! मी मनाशी म्हणायची, आत्ता पहिली भाकरी तव्यावरून निघाली. ती दत्तूला. आता दुसरी, ती शकूला. आता आईनं तिसरी मोडून तिच्यावर तेल-मीठ घातलं. थोड्या वेळानं खालून मला हाक यायची. टेबलावर वरण, भात, दोन भाज्या, कोशिंबीर. आणि बाबांचा नियम, जेवताना बोलायचं नाही. मी तुमचा आवाज आठवत आठवत तो भात संपवायची. आठवला नाही तर घास जायचा नाही.”

मी भोकापासून डोळा काढला.

“तू माझ्या घराबद्दल एवढं लिहिलंस. तुझ्या घराबद्दल त्या कथेत एक ओळ नाही. सांग ना, कशी असायची गं ती भाकरी?”

आता यावर काय सांगायचं होतं मी? माझी खोली आत्ताच गेली होती. आणि यांची चूल माझ्या हातात होती. मी एक शब्द बोलले असते तर आम्ही दोघी सारख्याच झालो असतो. खरं सांगते, क्षणभर तसं करावंसं वाटलं.

“गरम असायची,” मी म्हणाले.

“मला वाटायचंच.” त्यांचा चेहरा उजळला. “एकदा तरी तुझी आई मला हाक मारील असं वाटायचं. पण ती बिचारी कशी मारणार? आणि मी तरी कशी गेले असते म्हणा.” थोडा वेळ त्या ऐकत राहिल्या, कोणीतरी काही बोलेल म्हणून. मग लहान मुलीसारख्या म्हणाल्या, “तुला येते का गं आईसारखी भाकरी? एक करून घालशील?”

आम्ही खाली स्वयंपाकघरात गेलो. त्या घरात मागच्या पायरीपर्यंत आलेली मी, स्वयंपाकघर पहिल्यांदाच बघत होते. मंदाताईंनी फळीवरचे डबे काढले. एकात चहा, एकात साखर, एकात मऊ पडलेला चिवडा. बाकीचे डबे त्यांनी हलवून बघितले आणि पुन्हा जागेवर ठेवले.

“ज्वारीचं पीठ नाही,” त्या ओशाळून म्हणाल्या. “कुठलंच पीठ नाही. मला खानावळीतून डबा येतो. एकटीसाठी कोण दळून आणतंय?”

“मी आणते ना. गिरणी कुठंय?”

“रविवारी बंद असते. राहू दे गं.” त्यांनी शेवटच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं. “भाकरीचं काय एवढं! मला तो आवाज तरी एकदा ऐकायचा होता.”

ओट्याखाली एक मोठी पितळी परात भिंतीला टेकून उभी होती. नळावर एक पंचा वाळत होता. मी दोन्हींकडं पाहिलं, आणि माझे हात माझ्याआधी पुढं झाले. मघाशी पाय झाले होते, तसेच.

“तुम्ही वर जाऊन बसा,” मी म्हणाले. “तुमच्या जागेवर.”

“कशाला?”

“बसा तर.”

त्या वर गेल्या. मी पंचा ओला करून पिळला, परात घेतली आणि पुढच्या दारातून बाहेर आले. पोर्चच्या पायरीवर फतकल मारून बसले. वर पोर्चचं छत होतं, त्यामुळे खिडकीतून मी दिसणार नव्हते. पंच्याची घडी घातली, आणखी एक घातली, परातीत ठेवली. मग साडीचा पदर खोचला आणि थापायला लागले.

आमचे बाबा ढोलकी वाजवायचे, आणि चांगली वाजवायचे, हेच आमचं वाटोळं. तमाशाचा फड गावाबाहेर उतरला की बाबांचा जीव वर-खाली व्हायचा. पगार हातात पडला की ते फडामागं निघून जायचे, आणि कधी परततील ते देवाला ठाऊक. आई डॉक्टरांना सांगायची, मालक गावाकडं गेल्यात, सासू लई आजारी हाय. त्या म्हातारीला आईनं किती वेळा अंथरुणाला खिळवली. ती तर माझ्या जन्माआधीच वारली होती. झाडांना पाणी, वाफे, झाडलोट सगळं आई करायची, तिथं कोणाला शंका यायची नाही. पण पीठ संपलं की संपलं. आणि फाटकाजवळच्या खोलीतून संध्याकाळी धूर निघाला नाही, थाप ऐकू आली नाही, तर बंगल्याला कळणार होतं की माळी पळालाय. मग दुसरा माळी आला असता आणि आमची खोली गेली असती. म्हणून आई पाचोळा घालून चूल पेटवायची, काटवटीत ओल्या फडक्याची घडी ठेवायची आणि तिच्यावर थापत बसायची. अगदी तालात, मध्येच थांबून, जणू भाकरी तव्यावर टाकायला.

“शकू, कशी झालीया गं?” ती विचारायची.

“करपली, आये.”

“मग दत्तूला दे. त्येचं दात बळकट हायेत.”

आणि आम्ही हसायचो. कधी खरं हसू यायचं, कधी नाही यायचं. आलं नाही तर आई डोळे वटारायची. “मोठ्यानं हसा की,” म्हणायची. “वरपातूर जाऊ दे.”

मी थापत होते. हात आईचेच होते, ताल तोच होता. फाटकाबाहेरून सायकलवरून जाणारा एक माणूस वळून बघत गेला.

“हाच!” वरून काचेच्या भोकातून मंदाताईंचा आवाज आला. “अगदी हाच गं! शकू, थांबू नकोस!”

मी थांबले नाही. थोड्या वेळानं वरचा आवाज बंद झाला. मग जिन्यावर पावलं वाजली, हळू, एकेक पायरीवर थांबत. पुढच्या दारात येऊन ती थांबली. मी मागं वळून बघितलं नाही, पण माझा हात आपोआप थांबला. परातीत ओला पंचा पडला होता, मध्यभागी माझ्या पंजाचा ठसा.

“रोज?” मंदाताईंनी विचारलं.

“रोज नाही.”

त्या माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसल्या. एरंडाच्या झाडात चिमण्या गोंधळ घालत होत्या. आम्ही त्या मोडक्या चौथऱ्याकडं बघत होतो.

“आणि मी त्या आवाजावर जेवायची,” त्या म्हणाल्या.

“आम्हीसुद्धा,” मी म्हणाले.

त्यांनी तोंड फिरवलं. परातीतला पंचा उचलला, पुन्हा एकदा पिळला, झटकला आणि पोर्चच्या कठड्यावर नीट वाळत घातला. मग म्हणाल्या, “ती खोली तुझ्या कथेतून काढू नकोस.”

“पण खोली नाहीये ना ताई.”

“म्हणून तर.”

मी काढली नाही. नाडगौडांना सांगितलं, बघून आले, सगळं बरोबर आहे, एक शब्दही बदलायचा नाही. त्यांचा विश्वास बसला, की मी हट्टी आहे म्हणून त्यांनी नाद सोडला, मला माहीत नाही. पुस्तक निघालं तेव्हा झोपाळ्याच्या कड्या जागच्या जागी होत्या. आज मंदाताई नाहीत आणि बंगल्याच्या जागी दुकानं झालीत. मी निवृत्त झाले, स्वतःचा लहानसा फ्लॅट घेतला. दिवा मालवल्यावर अजून मी निळ्या खोलीत जाते. फक्त आता झोपाळ्यावर बसलेल्या बाईच्या नाकाची ठेवण डॉक्टरांसारखी असते.

त्या संध्याकाळी माझी शेवटची एस.टी. निघायला अजून अवकाश होता. खानावळीचा मुलगा फाटकावर डबा अडकवून गेला. मंदाताई तो घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, “चल, वर बसू.” जिन्याच्या टप्प्यावर, गोल खिडकीखाली आम्ही डबा उघडला. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि मूठभर भात. त्यांनी झाकणात वाढून घेतलं, मला डब्यातच दिलं. आम्ही सावकाश जेवलो. डबा एकटीचाच होता. पण संपल्यावर पोट भरलं असं दोघींनीही एकमेकींना सांगितलं.